चाइव्हज चिरले, चिरली की चिरल्या?

परसातली (सांगली)
पाककृती लिहिताना अडलंय. चाइव्हज म्हणजे कांद्याच्या पातीसारखी, पण बारीक हिरवी पात. 'चाइव्हज बारीक चिरून' इथपर्यंत बरं चालतं, पण पुढं क्रियापद आलं की लिंग ठरवावं लागतं. मी 'चिरली' म्हणते, लेक 'चिरले' म्हणते, एका पाकिटावर 'चिरलेल्या चाइव्हज' असंही वाचलं. आणि याला मराठी शब्द काय? रोपवाटिकेत मागितलं की 'लसणाचं गवत का?' असं विचारतात.

कृष्णाकाठ (वाई)
तुमचं 'चिरली' बरोबर वाटतं. परका शब्द आला की आपण त्याला घरातल्या जवळच्या शब्दाचं लिंग देऊन टाकतो. गाडी ती म्हणून कारही ती. चाइव्हजच्या शेवटी अनेकवचन आहे हे मराठी कानाला जाणवत नाही. कोथिंबीर चिरली, मेथी चिरली, पात चिरली, त्याच रांगेत चाइव्हज चिरली.

रुळलेला मराठी शब्द मात्र नाही. अडचण अशी की आपली पात एकटी येत नाही. 'पात आण' म्हटलं की 'कशाची?' हा प्रश्न आलाच. कांद्याची, लसणाची. इथं तर मागं मालकच नाही, नुसतीच पात. इतरांनी काय केलंय पाहा: इंग्रजी शब्द फ्रेंचमधून थेट लॅटिन 'सेपा'पर्यंत जातो, म्हणजे कांदाच. जर्मन 'श्निटलाउख' म्हणजे कापायची पात असं म्हणता येईल. शास्त्रीय नाव ॲलियम शेनोप्रासम, त्यातल्या 'शेनोप्रासम'मधला पहिला ग्रीक शब्द लव्हाळ्यासारख्या गवताचा. त्यावरून 'लव्हाळपात' कसं वाटतं? मला तरी गोड वाटतं.

भांगलण (कराड)
नको हो दादा! आमच्याकडं लव्हाळा म्हणजे उसातलं तण. खुरप्यानं वरनं काढा, खालच्या गाठीतनं परत फुटतंय. आणि पात म्हणजे भांगलताना एकेका बाईनं धरलेला पट्टा. 'लव्हाळपात' वाचलं आणि वाटलं, आज माझ्याच वाट्याला लव्हाळ्यानं भरलेली पात आली!

ताई, 'लसणाचं गवत' पण म्हणू नका. दुकानदार लसूणघासाचं बी बांधून देईल. ती जनावरांची वैरण, लसणाचा त्यात वासपण नाही. त्याच्या 'ल्यूसर्न' या इंग्रजी नावाचं तोंडातल्या तोंडात लसूण झालंय, एवढंच असावं.

परसातली (सांगली)
वाचून हसू आवरेना. बरं, गवती चहा चालतो तर गवती कांदा का नको?

कृष्णाकाठ (वाई)
'कांदा' ऐकलं की माणूस खाली गड्डा शोधणार. याला गड्डा धरतच नाही, बुडाशी नुसती बारीक पांढरी गाठ. वाढतं ते आडवं, ठोंब होऊन.

डोंगरमाथा (पाचगणी)
शब्दाआधी झाड कुठलं ते ठरवा, कारण चाइव्हज म्हणून दोन वेगळी झाडं विकतात. खरं चाइव्हज म्हणजे गोल, आतून पोकळ, सुतळीएवढी पात, वास कांद्याचा पण सौम्य, फूल जांभळट गुलाबी. दुसरं गार्लिक चाइव्हज, ॲलियम ट्युबरोसम: पात चपटी, भरीव, वास लसणाचा, फूल पांढरं. मणिपुरात 'मरोई नाकुप्पी' म्हणतात ते हेच दुसरं. पात आडवी कापून पाहा, भोक दिसलं तर पहिलं. कुंडीत लसणाच्या कुड्या खोचून जी पात येते ती यांतली कुठलीच नव्हे, तो आपला हिरवा लसूण.

सांगलीच्या उन्हाळ्यात पहिलं रडतं. पात टोकाकडून पिवळी पडते. मार्चपासून कुंडी सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशा जागी हलवायची. गार्लिक चाइव्हज उन्हाला जास्त टिकतं, म्हणून सांगलीकरांनी तेच लावावं असं माझं मत. आमच्याकडं उलटं, ऊन सोसतं पण पावसाळ्यात मूळ कुजतं, म्हणून कुंडी पागोळीखाली नको.

बी ताजंच घ्या. कांद्याच्या कुळातलं बी फार दिवस टिकत नाही, दुसऱ्या वर्षी उगवण घटते. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात पेरा, वर अर्धा सेंटिमीटर चाळलेली माती, दोनेक आठवड्यांत सुईसारखे कोंब दिसतील. तुमची काळी माती नुसती वापरू नका, पाणी धरते. वाळू आणि शेणखत मिसळा. कापताना बुडापासून दोन बोटं सोडून कात्रीनं कापा, शेंडे खुडू नका. दोन-तीन वर्षांनी ठोंब उपसून फोडायचा आणि वेगवेगळा लावायचा. फुलकिडे कांद्यासारखेच यालाही लागतात.

भांगलण (कराड)
फुलाच्या दांड्याला मग कांद्यासारखं डेंगळा म्हणायचं का?

डोंगरमाथा (पाचगणी)
म्हणा की. लोणंदच्या बाजारात डेंगळ्याचा कांदा नेला तर भाव पडतो, कारण तो टिकत नाही. इथं उलट फूल खातात, पाकळ्या सुट्या करून कोशिंबिरीवर टाकायच्या. दांडा मात्र चिवट, तो काढून टाका.

माजघर (मिरज)
फोडणीत घालू नका एवढं लिहा ताई. आचेवर वास उडून जातो. पिठल्याचा गॅस बंद केल्यावर, दह्यावर, ऑम्लेट उलटल्यावर, असं वरून भुरभुरायचं. पीठ पेरून भाजी करायची तर सरळ कांद्याची पात आणा, ती कधीही स्वस्त. वाळवलीत तर गवत उरतं, चिरून फ्रीजरमध्ये ठेवा.

आणि आमच्या सासूबाईंचा प्रश्न: चातुर्मासात चालते का?

कृष्णाकाठ (वाई)
कुळ कांद्याचं, त्यामुळे पाळत असाल तर नाही. कांदेनवमीला भज्यात घालून संपवा.

माजघर (मिरज)
चालेल. घरात मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा, कांदा-लसणाच्या कुळातलं सगळं मांजर-कुत्र्यांना विषारी.

परसातली (सांगली)
मग मी असं लिहिते: 'चाइव्हज बारीक चिरली, ती शेवटी घातली, नसेल तर कांद्याच्या पातीचा कोवळा शेंडा चालेल.' बोलताना 'बारीक पात'. लव्हाळा कराडच्या उसात राहू दे.

भांगलण (कराड)
'बारीक पात' चालतंय. मंडईत कोवळी कांदापात देतील, पण तीपण चालतीच म्हटलंय तुम्ही.