सांगण्याआधी एक प्रश्न विचारा
लैंगिक अत्याचार झालेल्या विद्यार्थिनीला कुणीतरी 'विश्वासातल्या प्राध्यापकांना सांगा, गोष्ट बाहेर जाणार नाही' असा सल्ला दिला आहे. तो मनापासून दिलेला आहे, पण मला धोक्याचा वाटतो. बऱ्याच विद्यापीठांत लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं की प्राध्यापकांना, वसतिगृहाच्या अधीक्षकांना ते वर कळवावंच लागतं, त्यांची इच्छा असो वा नसो. समुपदेशक आणि डॉक्टर सहसा गुप्तता पाळायला बांधील असतात, पण भारतात बलात्काराची घटना रुग्णालयाला पोलिसांना कळवावीच लागते. शिवाय जिवाला धोका असेल किंवा पीडित व्यक्ती अल्पवयीन असेल, तर तिथेही अपवाद निघतात. त्यामुळे तपशिलात शिरण्याआधी सरळ विचारा, "हे तुम्हाला कुणाला कळवावं लागेल का?"

आणखी एक, रीतसर चौकशी सुरू झाली की ज्याच्यावर आरोप आहे त्याला तक्रारदाराचं नाव बहुतेक वेळा कळतंच. हे त्या विद्यार्थिनीला आधीच सांगायला हवं, तक्रारीवर सही घेतल्यावर नाही.