मदत हवी आहे: घरच्यांच्या गटाचा उपयोग होतो का ते तपासायचं आहे, अनुदान कुठे आणि कसं मागावं? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

इंदूरला रामबागेच्या बाजूला आमचं एक लहान दिवसकेंद्र आहे. दोन खोल्या, एक ओसरी. तिथे मी समाजकार्यकर्ती म्हणून अकरा वर्षं काम करते. स्किझोफ्रेनिया असलेली आमची 'मुलं', म्हणजे बहुतेक तिशी-चाळिशीतली माणसं, सकाळी दहाला येतात आणि चारला घरी जातात. औषधं त्यांचे डॉक्टर बघतात. उरलेला दिवस आमच्याकडे.

गेली चार वर्षं आम्ही एक रविवार सोडून एक घरच्यांचा गट घेतो. एका गटात सात-आठ घरं, एकूण बारा बैठका. आजार म्हणजे काय, गोळ्या का सुटतात, पुन्हा बिघडायच्या आधी काय दिसतं, हे सगळं होतं. पण सगळ्यात जास्त वेळ जातो तो घरातल्या बोलण्यावर.

एक निवृत्त मास्तर आहेत. मुलगा सकाळी अंथरुणातून उठायचा नाही. हे रोज दाराशी उभे राहून, "सूर्य डोक्यावर आला, लाज वाटत नाही का?" मग भांडण, मग मुलगा दिवसभर पांघरुणात. सहाव्या बैठकीला मास्तर म्हणाले, "आता मी बोलत नाही. बादलीत गरम पाणी काढतो, टॉवेल दारावर टाकतो आणि एवढंच म्हणतो, पाणी काढलंय." मुलगा कधी पंधरा मिनिटांनी उठतो, कधी तासाने, पण उठतो. आता गटात कोणी घरातली कटकट सांगू लागलं की दुसरं कोणीतरी हळूच म्हणतं, "अहो, पाणी काढा."

हे मी डोळ्यांनी बघते. पण जी घरं नेमाने येतात ती मुळातच समजुतीची असतील. गोळी त्याच सुमारास बदलली असेल. आजार आपसूक ओसरत असेल. यातलं गटामुळे किती, हे मला सांगता येत नाही. चार वर्षं रविवार मोडून येणाऱ्या या लोकांना मला खरं उत्तर द्यायचं आहे. उपयोग होत नसेल तर तेही सांगायचं आहे, म्हणजे त्यांचे रविवार तरी वाचतील.

दोन ठिकाणी पैसे मागून झाले. एका कंपनीच्या सीएसआरच्या अधिकाऱ्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे अर्ध्या घरांना तुम्ही गट देणारच नाही?" तिथेच विषय संपला. केंद्र चालवायला ते पैसे देतील, तपासायला नाही. दुसरीकडे रीतसर प्रस्ताव पाठवला होता. तो परत आला, शेरा असा: 'तुलनेचा गट अस्पष्ट, परिणाम मोजण्याची पद्धत अपुरी.' वाईट वाटलं, पण शेरा बरोबर होता.

नवीन काही शोधून काढल्याचा माझा दावा नाही. अमृतसरला डॉ. विद्यासागरांनी १९५० च्या दशकात घरच्यांना इस्पितळाच्या आवारात तंबूत राहायला बोलावलं होतं. घरातल्या टोचून बोलण्याचा आणि आजार उलटण्याचा संबंध चंदीगडला मोजला गेला, ते काम १९८७ मध्ये छापून आलं. मला एवढंच बघायचं आहे की आमच्यासारख्या दोन खोल्यांत, आमच्यासारख्या माणसांनी घेतलेल्या गटाने काही फरक पडतो का.

आमची संस्था नोंदणीकृत न्यास आहे. परदेशी निधीची परवानगी नाही, संशोधन संस्था म्हणून मान्यता नाही, स्वतःची नीतिसमिती (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी) नाही. अशांनी कुठून सुरुवात करावी? आणि तुलनेच्या गटाला काय द्यावं, म्हणजे रात्री झोप लागेल?

---

तिसरा_मजला:

ताई, अशा दोन चाचण्यांत मी काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पैशांचं. आयसीएमआरचं (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) बाह्य-संशोधन अनुदान, म्हणजे बाहेरच्या संस्थांतल्या संशोधनाला मिळणारे पैसे, हा तुमचा सरळ रस्ता. पण मुख्य संशोधक मान्य संस्थेचा नियमित कर्मचारी लागतो आणि स्वयंसेवी संस्था असेल तर तिला डीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची, मान्यता लागते. ती तुमच्याकडे नाही. त्यामुळे वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागातले किंवा विद्यापीठातले कोणी मुख्य संशोधक आणि तुम्ही सहसंशोधक, असं जमवावं लागेल. आयसीएसएसआर (सामाजिक शास्त्रांची संशोधन परिषद) हीसुद्धा मानसशास्त्र आणि समाजकार्यातल्या प्रकल्पांना पैसे देते, त्यांचा अनुदानाचा कागद जरूर बघा. इंडिया अलायन्स या आरोग्य-संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेची फेलोशिप व्यक्तीला असते, संस्थेला नाही; तुमच्या जोडीदार डॉक्टरांना कदाचित चालेल.

परदेशी पैशाचा नाद तूर्त सोडा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेच्या पदराखाली राहून तुम्हाला वाटा मिळेल, ही सोय गेली. शिवाय परदेशी पैशाच्या आरोग्य-संशोधनाला आयसीएमआरमार्फत वेगळी मंजुरी लागते. अमेरिकेच्या एनआयएचने (तिथली सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) १ मे २०२५ रोजी परदेशातल्या संस्थांना पोट-अनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवल्याचं जाहीर केलं, त्यामुळे त्या दाराचाही भरवसा धरू नका.

पैसा तिकडचा नको, पण त्यांचे अनुदानाचे कागद जरूर वाचा. एनआयएचमधल्या मानसिक आरोग्याच्या संस्थेने, एनआयएमएचने, २०१४ पासून उपचारांच्या चाचण्यांत एक आग्रह धरला: तुमचा उपचार नेमक्या कशाला हात घालतो ते आधी सांगा, आणि ती गोष्ट खरंच हलते हे दाखवा. त्यांची मनोसामाजिक उपचार विकसित करण्याची एक योजना म्हणूनच दोन टप्प्यांची केली होती, आर६१ आणि आर३३. पहिल्या टप्प्यात फक्त ती मधली गोष्ट हलते का ते बघायचं. आधी लिहून दिलेले निकष गाठले तर दुसऱ्याचे पैसे, नाहीतर काम तिथेच थांबतं.

तुमचा प्रस्ताव का परत आला ते यात आहे असं मला वाटतं. तुम्ही थेट 'आजार कमी उलटतो का' विचारलं असणार. त्याला शंभरावर घरं आणि निदान वर्षभर लागेल. त्याआधीचा प्रश्न तुम्ही स्वतःच वर लिहिलाय. लाज काढणं थांबून 'पाणी काढलंय' किती घरांत सुरू होतं? आधी ते मोजा.

---

समाजकार्यकर्ती_इंदूर (धागाकर्ती):

तिसरा_मजला, तुमचा अंदाज बरोबर आहे. इस्पितळात पुन्हा भरती, एवढा एकच परिणाम आम्ही लिहिला होता. आमची बरीच घरं भरतीच करत नाहीत, खोलीला कडी लावून दिवस काढतात. मग भरती मोजून काय कळणार होतं?

पण बोलणं मोजायचं कसं? मी घरात जाऊन बसले तर सगळे गोडच बोलतील.

---

नर्मदाकाठ:

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, मध्य प्रदेशातच. बोलणं मोजायला पूर्वी घरच्यांची कॅम्बरवेल नावाची ठरावीक मुलाखत घेत, ती लांब आणि शिकायला अवघड. त्यापेक्षा पाच मिनिटांचा नमुना घ्या. घरच्या माणसाला सांगायचं, 'तुमच्या मुलाबद्दल पाच मिनिटं बोला, तो कसा आहे, तुमचं त्याच्याशी कसं जमतं.' मध्ये आपण एक शब्द बोलायचा नाही. ध्वनिमुद्रण होतं आणि प्रशिक्षित माणूस नंतर ऐकून गुण देतो. गटाआधी एक, नंतर एक.

एक काळजी मात्र घ्या. गुण देणारा आपल्या भाषेतला हवा. आमची आजी 'मेला अजून उठला नाही' म्हणायची तेव्हा तिच्या हातात त्याच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट असायचं. तेच वाक्य दुसऱ्या घरात सुरीसारखं लागतं. कागदावर उतरवलं तर दोन्ही सारखीच दिसतात. चंदीगडच्या लोकांनाही हे माप हिंदीत चालतं का, हे आधी तपासावं लागलं होतं.

कुटुंबावरच्या ओझ्यासाठी चेन्नईच्या स्कार्फ या स्किझोफ्रेनियावर काम करणाऱ्या संस्थेने केलेली मापनसूची आहे, अक्षमतेसाठी आयडियाज नावाची. दोन्ही आपल्याकडची. आणि दर भेटीला औषधाचं नाव व मात्रा लिहून ठेवा. गोळी बदलल्याची नोंद नसेल तर नंतर कितीही आकडेमोड करा, वेगळं काढता येणार नाही.

तुलनेच्या गटाबद्दल: नुसतं 'काही नाही' ठेवू नका. नेहमीचे उपचार, शिवाय महिन्यातून एक फोन आणि आजाराची माहितीपुस्तिका, एवढं दोन्ही बाजूंना द्या. तुमचा गट फक्त एका बाजूला. मोजणी संपली की दुसऱ्या बाजूलाही गट. नीतिसमितीला हे पटतं. समिती जोडीदार संस्थेची वापरता येते, त्याचा लेखी करार करा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ९९ वाचाच, संशोधनातल्या संमतीबद्दल आहे. आईवडिलांनी सही केली म्हणजे झालं, असं नाही. मुलाची स्वतःची संमती लागते.

---

एक_बहीण:

मी ग्वाल्हेरची. माझा भाऊ सतरा वर्षं आजारी आहे. तुमच्या भाषेतलं मला फार कळत नाही, पण दोन गोष्टी लिहिते.

चिठ्ठी टाकून आमचा नंबर मागे गेला तर मला चालेल. खरंच चालेल, पण आधी तोंडावर सांगा. आमच्याकडे एकदा एका अभ्यासाचे लोक आले होते, वर्षभर प्रश्न विचारले आणि मग आलेच नाहीत. आई अजून विचारते, त्या मुलींचं पुढे काय झालं. निकाल काहीही असो, येऊन सांगणार असाल तर आम्ही वर्षभर थांबू.

दुसरं म्हणजे काय मोजायचं ते आम्हाला विचारा. मी रात्री मोजते, भाऊ किती वेळा दाराची कडी बघायला उठतो. बरा असला की एकदा. बिघडायला लागला की सात-आठ वेळा, आणि हे डॉक्टरांना कळायच्या पंधरा दिवस आधी मला कळतं. आजवर एकाही कागदावर कडीचा प्रश्न आलेला नाही. आणि ते कागद इतक्या जड हिंदीत असतात की आई 'हो' म्हणून मोकळी होते.

---

आकडेमोड:

छोटी पण महागात पडणारी गोष्ट. एका गटातली आठ घरं एकमेकांकडून शिकतात, तुमच्याकडचं 'पाणी काढा' हेच त्याचं उदाहरण. म्हणजे ती आठ स्वतंत्र उत्तरं नव्हेत. गटांतर्गत साम्य (एकाच गटातली उत्तरं एकमेकांसारखी किती, त्याचा आकडा) ०.०५ धरलं तर नमुना १ + ७ × ०.०५, म्हणजे १.३५ पट लागतो. शंभर घरं लागणार असतील तर गटाच्या बाजूला एकशे पस्तीसच्या हिशेबाने चला. परीक्षक हे पहिल्याच वाचनात बघतात.

आणि पहिलं घर नोंदवण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, चाचणीची नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. नोंद नसेल तर छापायला कोणी घेणार नाही.

---

तिसरा_मजला:

वरच्याला जोडून. स्किझोफ्रेनियावरची भारतातली समुदाय-चाचणी, कोप्सी, २०१४ ची. २८२ रुग्ण, तीन राज्यं, वर्षभर. सामान्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन दिलेल्या मदतीने लक्षणं आणि अक्षमता थोडी कमी झाली, पण सगळ्या ठिकाणी सारखी नाही. तमिळनाडूत फरक जास्त होता. गोव्यात नैराश्यावरचा सामान्य समुपदेशकांनी द्यायचा उपचारसुद्धा आधी थोड्या लोकांवर, मग छोट्या चाचणीत आणि शेवटी ४९५ जणांवर तपासला गेला. तोच उपचार आशा कार्यकर्त्यांना कसा शिकवावा, यावर पुढे आपल्याच सीहोर जिल्ह्यात काम झालं. पायऱ्या सोडून कोणी वर गेलेलं नाही, तेव्हा छोटा प्रस्ताव पाठवायला संकोच करू नका.

खर्चात तीन गोष्टी लोक विसरतात: गट घेणाऱ्यांवर देखरेख करणाऱ्याचं मानधन, बैठकांचं ध्वनिमुद्रण ऐकून 'ठरलं तसं घेतलं का' हे तपासणारा माणूस, आणि घरच्यांचं रिक्षाभाडं. गोळीच्या चाचणीत गोळी सगळीकडे सारखी असते. तुमच्याकडे उपचार माणसाच्या तोंडून जातो, म्हणून त्याची नियमावली लिहिलेली हवी आणि ती पाळली गेल्याचा पुरावा हवा.

---

समाजकार्यकर्ती_इंदूर (धागाकर्ती):

सगळ्यांचे मनापासून आभार. काल केंद्रात बसून हा धागा मोठ्याने वाचला, मास्तरही होते. ते म्हणाले, "पाच मिनिटं माझी घ्या, पण जुनं बोलणंही ऐकवतो, ते लपवायचं नाही."

ठरलं ते असं. आजार उलटण्याची मोठी चाचणी आत्ता नाही. आधी चार गट, दोन बाजू, आणि एकच प्रश्न: घरातलं बोलणं बदलतं का? किती बदललं म्हणजे पुढे जायचं आणि किती नाही बदललं म्हणजे थांबायचं, हे आधीच लिहून ठेवणार. बाराही बैठकांची नियमावली आमच्या वह्यांतून उतरवायला घेतली आहे. आमच्याकडे येणाऱ्या एका डॉक्टरांनी मुख्य संशोधक व्हायची तयारी दाखवली आहे, त्यांच्या संस्थेच्या नीतिसमितीकडे अर्ज करू. संमतीपत्र मराठी आणि साध्या हिंदीत लिहून आधी चार आयांना वाचून दाखवणार.

एक_बहीण, तुमचा कडीचा प्रश्न घेतला. प्रत्येक घराला पहिल्याच भेटीत विचारू, 'बिघडतंय हे तुम्हाला कशावरून कळतं?' आणि त्या घरापुरतं तेच मोजू. निकाल सांगायला प्रत्येक घरी जायचं, त्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवला आहे.

आता एकच अडलंय. घरी जाऊन ध्वनिमुद्रण करणारा आणि नंतर ते ऐकून गुण देणारा माणूस. त्याला आमच्या केंद्राची ओळख नको, कोण कुठल्या बाजूला हे माहीत नको, आणि घरी गेल्यावर आईने "रविवारी ताईंनी सांगितलं ना..." असं सुरू केलं तर तिथेच थांबवता आलं पाहिजे. मराठी आणि माळवी वळणाची हिंदी, दोन्ही कानात बसलेली हवी. इंदूर, देवास, उज्जैन, महू, कुठलंही चालेल. मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेलं असेल तर उत्तम, प्रशिक्षणाची सोय आम्ही करू आणि मानधन प्रस्तावात धरलं आहे. ओळखीत कोणी असेल तर कृपया व्यनि करा.