ट्रकच्या गेमसाठी स्टीअरिंग घेताना मोटरची ताकद बघायची का फेरे?

शाहूपुरीकर

कुठलं स्टीअरिंग घ्यावं असं कोणी विचारलं की हल्ली एकच उत्तर मिळतं: थांब, पैसे साठव, डायरेक्ट ड्राइव्हच (चाक थेट मोटरवर, मधे गिअर किंवा पट्टा नाही) घे. रेसिंग खेळणाऱ्याला हा सल्ला योग्य आहे. पण आपल्या कोल्हापुरातली जी पोरं मला विचारतात, ती बहुतेक ट्रकवाली आहेत. युरो ट्रक सिम्युलेटर 2, नाहीतर अमेरिकन ट्रक सिम्युलेटर. त्यांच्या गळ्यात रेसिंगचा सल्ला मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रकसाठी आधी चाक किती फिरतं ते बघा, मग पॅडल, मग ते सगळं कशावर बसवणार ते. मोटरची ताकद सगळ्यात शेवटी.

रेसिंगमध्ये टायर सुटायला लागला की त्याची खबर हातातल्या चाकातून मिळते, म्हणून तिथे जोरदार मोटर हवी. ट्रकमध्ये काय असतं? चाळीस टनांचं धूड सरळ रस्त्याने 80 ने चाललंय, वर पॉवर स्टीअरिंग. हाताला येतं ते एवढंच: चाक मधोमध परत येण्याचा ओढा, रस्त्याचे धक्के, इंजिनाची थरथर. प्रागच्या एससीएस कंपनीने 2012 मध्ये युरो ट्रक 2 आणला, त्यातल्या फोर्स फीडबॅकच्या (मोटरने चाकातून हाताला दिलेला जोर) सेटिंगमध्ये मुख्यतः हेच पर्याय दिसतात. एवढं दाखवायला लॉजिटेक जी29 ची गिअरवाली मोटर पुरून उरते.

फेऱ्यांचं तसं नाही. जी29, जी920, जी923 ही तिन्ही 900 अंश फिरतात, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच फेरे. थ्रस्टमास्टरची टी150 आणि टी300 1080 अंश, तीन फेरे. खऱ्या ट्रकला चार-पाच फेरे मारावे लागतात. जपानच्या होरी कंपनीने ट्रकसाठीच केलेला फोर्स फीडबॅकचा संच 1800 अंश फिरतो, तो यासाठीच. स्वस्तातली 180 किंवा 270 अंशवाली चाकं घेऊन बसलात तर हात जरा हलला की ट्रक शेजारच्या लेनमध्ये. 900 च्या खाली काहीही घेऊ नका, फुकट मिळालं तरी.

ज्याला पटत नसेल त्याने कारणासहित सांगावं.

लेथवाला_उद्यमनगर

पटत नाही, आणि कारण तुझ्याच मुद्द्यात आहे. खऱ्या ट्रकसारखं वाटायला पाहिजे म्हणतोस ना? मग फेऱ्यांएवढाच चाकाचा व्यास महत्त्वाचा. जी29 चं चाक 27-28 सेंटीमीटरचं. खऱ्या ट्रकचं त्याच्या दीडपटीहून मोठं. मोझा कंपनीने टीएसडब्ल्यू नावाचं ट्रकचं चाक काढलंय, ते 40 सेंटीमीटरचं. ते लावून चालवल्यावर लहान चाकाकडे परत जावंसं वाटत नाही.

आता हिशोब कर. जी29 ची मोटर साधारण 2 न्यूटन-मीटरची (चाक फिरवण्याच्या जोराचं माप). 14 सेंटीमीटर त्रिज्येवर हाताला त्यातले 14 न्यूटन मिळतात, म्हणजे दीड किलोच्या आतबाहेर. त्याच मोटरला 40 चं चाक लाव, त्रिज्या 20, हाताला उरले 10 न्यूटन. एक किलो. वर मोठ्या चाकाचं स्वतःचं वजन, ते फिरवण्यातच मोटर दमणार आणि बारीक थरथर चाकातच जिरणार. मोझा आर5 सारखा 5.5 न्यूटन-मीटरचा बेस (चाक ज्यावर बसतं तो मोटरचा डबा) घेतलास तर 40 च्या चाकावरही 27 न्यूटन मिळतात. म्हणजे मोठं चाक हवं तर ताकद लागतेच. आणि डायरेक्ट ड्राइव्हला आत यांत्रिक अटकाव नसतो, किती फेरे ठेवायचे ते सॉफ्टवेअरमधून ठरतं. तुझे 1800 अंश तिथेच मिळतात की भावा.

अजून एक. जी29 ला आत गिअर आहेत. रस्ता खराब लागला की खडखड होते. रात्री घरचे झोपल्यावरच खेळायला वेळ मिळतो अशी आमची घरं, तिथे हा मुद्दा बारका नाही.

शाहूपुरीकर

हिशोब बरोबर आहे तुझा. पण 27 न्यूटन मिळवून करणार काय? ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या हाताला तेवढा जोर लागू नये म्हणूनच तर पॉवर स्टीअरिंग असतं. बेस आर5 चा घे नाहीतर त्याहून मोठा, ट्रक चालवताना तू गेमच्या सेटिंगमध्ये जोर कमीच करून ठेवणार. जी ताकद वापरायचीच नाही तिचे पैसे का भरायचे?

आणि किंमत मोजताना नुसता बेस मोजू नका. बेस, चाक, पॅडल, आणि हे सगळं धरणारं स्टँड. कॉलेजच्या पोराला हा आकडा झेपत नाही. तो वाट बघत बसतो आणि कीबोर्डवरच खेळत राहतो. 900 अंशांचं, तीन पॅडलचं चांगलं चाक आज मिळालं तर तो आज ट्रक चालवायला लागेल. माझा जीव त्या पोरासाठी तुटतो.

रंकाळा_नाइट_शिफ्ट

चाकच का पाहिजे? या गेममध्ये माउसने स्टीअरिंग करता येतं आणि ते चांगलं अचूक आहे. मी माउस आणि कीबोर्डवर ट्रेलर रिव्हर्स लावतो. आधी तसं चालवून बघा, गेम खरंच आवडतो का ते कळेल, मग खर्च करा.

गगनबावडा_मार्गे

@रंकाळा, माउसने स्टीअरिंग जमतं हे मान्य. पण कीबोर्डवर ब्रेक एकतर दाबलेला असतो नाहीतर सोडलेला. उतारावर भरलेला ट्रेलर घेऊन तसं चालवण्यात ट्रकची मजाच निघून जाते. म्हणूनच मला @शाहूपुरीकर यांच्या यादीत पॅडल दुसऱ्या नंबरवर बघून वाईट वाटलं. पहिला नंबर पॅडलचाच.

मी जुनं जी29 घेतलं, म्हणून जुनं घेणाऱ्यांसाठी लिहिते. चाक सगळे तपासतात, पॅडल कोणी तपासत नाही. त्यात पोटेन्शिओमीटर (पॅडल किती सरकलं ते मोजणारे भाग) असतात आणि त्यात धूळ गेली की आकडा उड्या मारायला लागतो. पाय स्थिर असताना ब्रेक आपोआप लागतो, सुटतो. विकणाऱ्याच्या घरी जाऊन लॅपटॉपला जोडा, प्रत्येक पॅडल अगदी सावकाश शेवटपर्यंत दाबा आणि स्क्रीनवरची पट्टी बघा. मधेच हिसका बसला तर भाव पाडा किंवा सोडून द्या. पुष्कळदा पॅडल खोलून काँटॅक्ट क्लीनर मारला की सुधारतं, पण ते आपल्या हाताने करायची तयारी हवी.

आणि एक इशारा. थ्रस्टमास्टर टी150 च्या साध्या संचात दोनच पॅडल येतात, क्लच नाही. फेरे बघून भुललात तर गिअर टाकताना अडकाल.

लेथवाला_उद्यमनगर

पॅडलबद्दल 100 टक्के सहमत. पण मग तिथे पोटेन्शिओमीटर कशाला? लोड सेलचे घ्या. पाय किती सरकला ते न मोजता किती जोर दिला ते मोजतात. धुळीची भानगड नाही.

हायवे_48

पोरांनो, मी शिरोलीतनं कास्टिंग भरून चाकणला गाडी मारतो. घरी मुलाने हा गेम लावलाय, रविवारी मी पण बसतो. तुमचं सगळं वाचलं, म्हणून लिहितोय.

लोड सेल म्हणताय ते कारचं झालं. कारला ऑइल ब्रेक, तिथे पायाचा जोर पुढे जातो. ट्रकला हवेचा ब्रेक. पॅडल म्हणजे नुसता व्हॉल्व्ह, किती दाबला तेवढी हवा जाते. काम हवा करते, पाय नाही. त्यामुळे पॅडल कडक असून उपयोग नाही, सरक लांब पाहिजे आणि सावकाश दाबता आली पाहिजे. जी29 च्या ब्रेकखाली रबर आहे, ते शेवटी इतकं कडक होतं की आमच्या पोराने काढूनच टाकलं. मला त्यानंतर पॅडल ओळखीचं वाटलं. गेममध्ये एअर ब्रेकचं सेटिंग खऱ्यासारखं ठेवता येतं, ते चालू करा. मग घाटात सारखा ब्रेक मारत बसलात की हवा उतरलेली दिसेल. खंबाटकीला आणि करूळ घाटात आम्ही जे करतो तेच तिथे करावं लागतं: वर असतानाच गिअर खाली घ्यायचा, एक्झॉस्ट ब्रेक लावायचा, पाय ब्रेकवर कमीत कमी. मुलाने रिटार्डर (ब्रेक न दाबता वेग कमी करणारी यंत्रणा) चाकामागच्या पट्टीवर लावून दिलाय, ते झकास काम झालं.

आता चाकाचं. लेथवाल्या भावाचं बरोबर आहे, लहान चाकावर माझे हात जवळ जवळ येतात, खांदे आखडतात. मोठं चाकच पाहिजे. पण जड नको. भरलेली गाडी बारा-बारा तास ओढायची तर चाक हलकंच असतं. जोर लावायला लागला तर आम्ही गाडी गॅरेजला लावतो.

शाहूपुरीकर

काका, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. हलकं चाक, जास्त फेरे, लांब सरकणारा ब्रेक. माझं म्हणणं एवढंच आहे.

लेथवाला_उद्यमनगर

काकांनी मोठं चाक पण म्हटलंय, ते तू गाळलंस. 40 चं चाक जी29 च्या बेसवर नीट बसत नाही. मधे अडॅप्टर लागतो, चाकावरची बटणं जातात, मोटरवर भार येतो. मोठं चाक हलकं ठेवायचं असेल तरी ते बिनबोभाट फिरवणारा बेस लागतो. ताकद राखीव असणं आणि ती पूर्ण वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रकचं इंजिन 500 घोड्यांचं असतं ते सपाटीसाठी नाही, चढासाठी.

गगनबावडा_मार्गे

मला एक सांगा, गिअरच्या दांड्याचं कोणीच का बोलत नाही? जी29 बरोबर तो येत नाही, वेगळा विकत घ्यावा लागतो, सहा गिअर आणि रिव्हर्स. गेममधल्या 12 गिअरच्या गाडीला त्यावर रेंजचं बटण (त्याच जागांवर गिअरांचा दुसरा संच आणणारं) लावावं लागतं. माझ्या मते ट्रकच्या गेममध्ये चाकापेक्षाही जास्त जिवंतपणा दांड्याने येतो.

शाहूपुरीकर

युरोपातल्या गाड्यांना तो लागतच नाही. व्होल्वोची आय-शिफ्ट 2001 पासून आहे, स्कॅनियाची ऑप्टिक्रूज आहे. ड्रायव्हर दांडा हलवत नाही, गाडीच गिअर टाकते. सुरुवातीला ते पैसे वाचवा.

हायवे_48

इथं मी ताईच्या बाजूने. तिकडचं तिकडे असू दे. आपल्याकडे हजारो गाड्या अजून दांड्यावर आहेत. माझ्या मुलाला अमेरिकेच्या गेममधला 18 गिअरचा ईटन फुलर गिअरबॉक्स आवडतो, दोनदा क्लच मारून टाकायला लागतो. हात आणि पाय एका तालात आले की ड्रायव्हर तयार झाला. हे ऑटोमॅटिकवर शिकता येत नाही.

नवीन_मेंबर_कागल

मी पहिल्यांदाच लिहितोय. बजेट कमी आहे. पीएक्सएन व्ही9 बघितलं, त्यात 900 अंश, तीन पॅडल, गिअरचा दांडा सगळं एकाच खोक्यात येतं. घेऊ का? टेबल प्लायचं आहे.

शाहूपुरीकर

फेरे आणि पॅडल जमतात, पण त्यात फोर्स फीडबॅक नाही, नुसती थरथर आहे. चाक मधोमध आणायला मोटर नसल्यामुळे गाडीचा वेग वाढला काय, कमी झाला काय, हाताला सारखंच लागतं. मी ताकद कमी चालते म्हणतो, शून्य चालते असं म्हणत नाही. त्याच पैशांच्या आसपास जुनं जी29 किंवा जी920 शोध, आणि वर ताईंनी सांगितलंय तसं पॅडल तपास. दांडा नंतर घे. बसवल्यावर गेममध्ये नॉन-लिनिॲरिटीची (चाक मधोमध कमी आणि टोकाला जास्त चपळ करणारी) पट्टी शून्यावर आण, आणि पडद्यावरचं चाक किती फिरताना दिसावं ते 900 वर ठेव, म्हणजे तुझा हात आणि पडद्यावरचा हात बरोबर चालतील.

लेथवाला_उद्यमनगर

या बजेटला मीही हेच सांगेन. पण नॉन-लिनिॲरिटी शून्य ठेवण्याला माझा विरोध. 900 अंशांत पाच फेऱ्यांचं काम कोंबलंय, त्यामुळे मधोमध चाक फार चपळ होतं. ती पट्टी थोडी वाढवली तर हायवेला ट्रक शांत चालतो.

शाहूपुरीकर

आणि टोकाला जास्त चपळ होतो. ट्रेलर रिव्हर्स घेताना नेमकं तिथेच काम असतं. शून्यच ठेव.

गगनबावडा_मार्गे

@कागल, दोन्ही करून बघ, हाताला पटेल ते ठेव. प्लायच्या टेबलाची कड किती जाड आहे ते आधी मोज. क्लॅम्प पातळ प्लायवर धरतो, पण फोर्स फीडबॅक जोरात आला की प्लाय लवतो आणि चाक डुलायला लागतं. खाली लाकडी पट्टी मार.

लेथवाला_उद्यमनगर

पट्टीपेक्षा स्टँडच कर. उद्यमनगरात चौकोनी पाइप कापून वेल्डिंग करून देणारे भरपूर आहेत, तयार स्टँडपेक्षा स्वस्तात पडतं. दोन गोष्टी सांगून ठेव त्यांना. चाकाची बैठक कारपेक्षा आडवी कर, कोन बदलता येईल अशी, आणि पॅडलची पट्टी खुर्चीच्या पायाला जोडलेली ठेव, नाहीतर ब्रेक दाबला की खुर्ची मागे पळते. पुढे मोठं चाक घेशील तेव्हा मांड्यांना लागू नये म्हणून उंचीला चार बोटं जागा जास्त ठेव.

नवीन_मेंबर_कागल

चालेल दादा. रविवारी इचलकरंजीला एक जी920 बघायला जातोय, लॅपटॉप घेऊन. पाइप कुठल्या मापाचा घ्यायचा?

लेथवाला_उद्यमनगर

दीड इंची चौकोनी, 2 मिलिमीटर जाडीचा. एक इंची घेऊ नकोस, हलतो.