सोयाबीनचा गट: सहकारी संस्था की उत्पादक कंपनी?

औसेकर: आम्ही औसा तालुक्यातले वीसेक जण सोयाबीन-तूर घेतो. बियाणं घरचं, रुंद सरी-वरंब्याचं पेरणीयंत्र सामायिक. आता माल एकत्र विकायचाय. नोंदणी कशी करावी? गावातली जुनी सोसायटी राजकारणात बुडालेली बघितलीय, म्हणून जीव धास्तावतो.

माळरान: उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकरीच मालक असलेली कंपनी, काढा. २००२ च्या दुरुस्तीनं कंपनी कायद्यात ही सोय आली. दहा शेतकरी पुरेत. शेअर कितीही असोत, मत एकच. केंद्राच्या २०२० च्या योजनेत मदतीसाठी मात्र सपाट भागात किमान ३०० सभासदांची अट ठेवली होती. घाईनं नावं भरू नका हो! माल न देणारे सभासद असले की कंपनी कागदावरच राहते.

तूरवाली ताई: आमच्या गटाला नोंदणीआधी बियाण्यानं एकत्र आणलं. मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या आत ठेवायचे, नाहीतर सोयाबीनचं नाजूक टरफल फुटतं. मग ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळायचे. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो पेरायचं, कमी उगवले तर बियाणं वाढवायचं. ही चाचणी सगळ्यांसमोर करा. कुणाचं बियाणं कसं, हे उघड दिसतं आणि विश्वास बसतो. हिशेबही असाच चावडीवर वाचा.

औसेकर: ताई, हे पटलं. या हंगामात चाचणी मारुतीच्या पारावरच घेतो. कंपनीची नोंदणी करून द्यायला चार्टर्ड अकाउंटंट साधारण किती घेतात?