गोल्डनडूडल घ्यावा का? नवऱ्याला अ‍ॅलर्जी आहे, सल्ला हवा

सोनटक्का
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक पाचवीत आहे आणि तिचा कुत्र्याचा हट्ट आता अन्नत्यागावर आलाय. अडचण नवऱ्याची. मित्राच्या लॅब्राडॉर कुत्र्याशेजारी थोडा वेळ बसला तरी शिंका आणि डोळे लालभडक. इथे जो तो म्हणतो गोल्डनडूडल (गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडलचा संकर) घ्या, केस गळत नाहीत, अ‍ॅलर्जी होत नाही, स्वभाव गोल्डन रिट्रीव्हरचा आणि डोकं पूडलचं. एक ब्रीडर तर 'शंभर टक्के अ‍ॅलर्जी-फ्री' म्हणून लिहून द्यायला तयार आहे, किंमत तीन हजार डॉलर. आम्ही दोघंही नोकरीवाले, पण मी बरेचदा घरून काम करते. ज्यांनी पाळलाय त्यांनी खरं काय ते सांगा.

अटलांटाकर
आमच्याकडे आहे, मीडियम साइझचा. स्वभावाला दहापैकी दहा. कुरियरवाल्यावरही जीव टाकतो, त्यामुळे राखणीचं नाव काढू नका. पण फोटोत दिसतं तसं ते शांत टेडी बेअर नव्हे. पूडल आणि रिट्रीव्हर दोन्ही मुळात शिकाऱ्याबरोबर पाण्यात उतरून पक्षी उचलून आणणारी कुत्री. त्यामुळे पाणी दिसलं की उडी आणि तोंडात सतत काहीतरी. पिल्लू असताना हात, बाही, खुर्चीचा पाय, काही सोडत नाही. मोजे तर उचलून ठेवाच, गिळले आणि आतड्यात अडकले की ऑपरेशन.

रोज तासभर तरी दमवावं लागतं, आणि नुसतं चालवून भागत नाही. आम्ही जेवण वाडग्यात देतच नाही, जुन्या टॉवेलच्या घड्यांत दाणे लपवतो. पठ्ठ्या वीस मिनिटं नाक खुपसून शोधतो आणि मग झोपतो. डोक्याला काम नसेल तर कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडायला स्वतःच शिकतो. तुम्ही घरून काम करता हे चांगलंच, पण पहिल्यापासून थोडा थोडा वेळ एकटं राहायची सवय लावा. ही जात माणसाला फार चिकटते.

गुरांचा_डॉक्टर
पुण्यात प्रॅक्टिस करतो. अ‍ॅलर्जीबद्दल लिहितो, कारण फसवणूक तिथेच होते.

अ‍ॅलर्जी केसांची नसते. लाळ, त्वचेचा कोंडा आणि लघवी यांतल्या प्रथिनांची असते. केस कमी गळाले तर घरभर पसारा कमी होईल, पण प्रथिनं तयार व्हायची थांबत नाहीत. २०१२ साली नेदरलँड्समध्ये पूडल, लॅब्राडूडल (लॅब्राडॉर-पूडल संकर) वगैरे 'हायपोअ‍ॅलर्जेनिक', म्हणजे अ‍ॅलर्जीचा त्रास कमी देणाऱ्या म्हणवणाऱ्या कुत्र्यांच्या केसांतलं हे प्रथिन मोजलं होतं. इतर जातींपेक्षा कमी काही निघालं नाही.

या डूडल प्रकाराची सुरुवातच बघा. १९८९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात गाइड डॉग संस्थेतल्या वॉली कॉनरन यांच्याकडे हवाईच्या एका अंध बाईंची मागणी आली, नवऱ्याला त्रास होणार नाही असा कुत्रा हवा. त्यांनी लॅब आणि स्टँडर्ड पूडलची जोडी लावली, तीन पिल्लं झाली आणि त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली. तिघांतलं एकच त्या नवऱ्याला चाललं! आई-बाप तेच, वेत तीच. म्हणून जातीवर विसंबू नका. ज्या कुत्र्याला घरी आणायचंय त्याच्याजवळ यजमानांना दोन-तीनदा, बंद खोलीत, तासभर बसवा. चाटूनही घेऊ द्या. त्याआधी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांशी बोला, आणि दमा असेल तर त्यांचं ऐका.

अटलांटाकर
डॉक्टर, अनुमोदन. आमचा एफ-वन आहे, म्हणजे आई गोल्डन, बाप पूडल. सोफ्यावर केस सापडतातच. एफ-वन-बी म्हणजे डूडलला परत पूडल लावलेला, तो सहसा कमी गाळतो. पण कमी गाळतो म्हणजे गळलेला केस अंगातच अडकून गुंता होतो, हे ब्रीडर सांगत नाही.

गावठी_झिंदाबाद
तीन हजार डॉलर! शेल्टरमध्ये डूडलसुद्धा येतात हो, लोकांना केसांचा व्याप झेपत नाही म्हणून सोडलेले. पूर्ण वाढलेलं कुत्रं घेतलंत तर केस आणि स्वभाव दोन्ही समोर दिसतात, अ‍ॅलर्जीचीही परीक्षा तिथेच.

सोनटक्का
सगळ्यांचे आभार. शेल्टरचा विचार डोक्यात नव्हता, आता बघते. केसांचा व्याप म्हणजे नेमकं काय? आणि ब्रीडरला काय विचारू?

अटलांटाकर
स्लिकर ब्रश (बारीक तारांचा) आणि स्टीलचा कंगवा घ्या. नुसता वरून ब्रश फिरवला की कुत्रा फुललेला दिसतो आणि कातडीलगत नमदा तयार असतो. केसांचा भांग पाडत, मुळापासून, एकेक पट्टा. शेवटी कंगवा अडखळला नाही तरच झालं समजा. कानामागे, काखेत आणि पट्ट्याखाली आधी बघा. गुंता काढल्याशिवाय आंघोळ घालू नका, ओला गुंता आवळतो. सहा महिन्यांनंतर पिल्लाचे केस जाऊन मोठ्याचे येतात तेव्हा रोज बसावं लागतं. शिवाय दर सहा-आठ आठवड्यांनी ग्रूमर (कुत्र्याचे केस कापणारा), शंभर डॉलर सहज जातात. फार गुंता झाला तर तो सरळ चकोट करून पाठवतो.

गुरांचा_डॉक्टर
कान लोंबते आणि आत केस, त्यामुळे पोहून आल्यावर कान कोरडे करा. वास आला किंवा सतत डोकं झटकायला लागला तर दाखवा.

ब्रीडरकडे आई-बाप दोघांचे ओएफए (कुत्र्यांच्या आनुवंशिक आजारांच्या तपासण्या नोंदवणारी अमेरिकन संस्था) रिपोर्ट मागा. खुबा, कोपर, हृदय, डोळे, आणि पीआरएची, म्हणजे हळूहळू दृष्टी घालवणाऱ्या आनुवंशिक आजाराची डीएनए चाचणी. खुब्याचं अंतिम सर्टिफिकेट दोन वर्षांच्या आत मिळत नाही, त्याहून लहान कुत्री जोडीला लावली असतील तर तिथेच कळतं. ओएफएची नोंद इंटरनेटवर खुली आहे, स्वतः तपासा. 'व्हेटने तपासलंय' हे उत्तर चालणार नाही. भारतातून वाचणाऱ्यांसाठी, केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) संकराची नोंदणी करत नाही, तेव्हा 'केसीआय पेपरवाला गोल्डनडूडल' कुणी विकत असेल तर उठून या.

सोनटक्का
ब्रीडरला रिपोर्ट मागितले. 'आमची कुत्री घरच्यासारखी वाढलेली आहेत' असं उत्तर आलं.

गावठी_झिंदाबाद
झालं, तीन हजार वाचले.

शेवंती_आजी
सोनटक्का, कुत्रा कुठलाही आणा, सासूबाई येणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे, कांदा, चॉकलेट कुत्र्याला विषासारखं, यातलं काही म्हणजे काही द्यायचं नाही. आमच्याकडे नैवेद्याचं ताट आता फ्रिजवर ठेवतो.