मदत हवी आहे: मुलांना घेऊन सिंगापूर आणि क्वालालंपूर

मंडळी, मेच्या सुट्टीत सिंगापूर आणि क्वालालंपूर करायचा बेत आहे. लेक अकराची, धाकटा पाचाचा, शिवाय सासूबाई.

घोडं अडलंय ते मधल्या प्रवासावर. विमान तासाभराचं, पण क्वालालंपूरचा विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटर. अर्धा दिवस जातोच. बसला पाच-सहा तास आणि सीमेवर दोनदा उतरायचं, मलेशियाच्या बाजूला तर सगळ्या बॅगा घेऊन. झोपलेलं पोर खांद्यावर टाकून हे जमतं का? मुलांना घेऊन बसने गेलेल्यांनी प्लीज सांगा.

दुसरं म्हणजे, सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओत बऱ्याच राइड्सना उंचीची अट असते. मग धाकट्यासाठी तिथे पैसे घालावेत, की तो दिवस मंडाईच्या प्राणिसंग्रहालयाला द्यावा? माझा कल प्राण्यांकडे, लेकीचा अर्थातच नाही.

क्वालालंपूरजवळ बाटू केव्हज, म्हणजे गुहेतलं कार्तिकस्वामीचं देऊळ, तेही करायचंय. तिथल्या २७२ पायऱ्यांचं सासूबाईंना काही वाटत नाही, त्या रोज पर्वती चढतात. त्यांचा प्रश्न वेगळाच: कार्तिकस्वामीचं दर्शन बायकांनी घ्यावं का! मला धास्ती तिथल्या माकडांची, कारण चिरंजीवांच्या हातात कायम बिस्किटांचा पुडा. सकाळी किती वाजता गेलेलं बरं?