माणग्याचे बाण आठ दिवसांत वाकले, आणि जातात तेही डावीकडेच

कुडाळचा_नवशिका: गणपतीच्या सुट्टीत परसातल्या बेटातून माणगा (आमच्याकडचा बांबू) तोडला, चुलीवर शेकून सहा बाण सरळ केले. आठ दिवसांनी बघतो तर चार विळ्यासारखे. उरलेले दोन बरे आहेत, पण 15 पावलांवर हातभर डावीकडे जातात. मी उजव्या हाताचा, धनुष्य लाकडी, ओढायला 30 पौंडी. पिसं कोंबडीवाल्याकडची. माडाखाली घारीची दोन मोठी पिसं सापडलीत, ती लावू का?

गाठ_आणि_पेर: घारीची पिसं होती तिथे ठेवून या. 1972च्या वन्यजीव कायद्यात घार संरक्षित आहे, पीसही जवळ नको.

हिरवा माणगा शेकलात तिथेच घोळ झाला. हिरवी काठी तेवढ्यापुरती ऐकते, सुकताना परत आपल्या वळणावर. पावसाळ्यातल्या बांबूला भुंगाही लवकर लागतो. थंडीत जून काठ्या तोडा, करकचून मोळी बांधा आणि दोन-तीन महिने माळ्यावर विसरा. मग निखाऱ्यावर, जाळावर नाही. वाक बहुतेकदा गाठीशी असतो, तेव्हा गाठच शेका. साल चकाकायला लागली की उलट बाजूला किंचित जास्त वाकवून गार होईपर्यंत धरून ठेवा. मी अजूनही इथे घाई करतो आणि काठी काळी करतो.

डावीकडे जातात, म्हणजे काठ्या तुमच्या धनुष्याला फार ताठ. माणगा जवळजवळ भरीवच. एकमेकांपासून 26 इंचांवर दोन खिळे ठोका, काठी आडवी ठेवून मधोमध 2 पौंड (900 ग्रॅम धरा) टांगा. 30 पौंडी धनुष्याच्या बाणाला साधारण 22 मिलिमीटर झोल पडायला हवा. कमी पडला तर फुटक्या काचेने तासत जा.

सातपुडा_फिरस्ता: एका बाणाला तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची लावा, डाव्या-उजव्याचा बाक उलटा असतो. दोरीची खाच गाठीच्या लगेच वर घ्या, चीर गेली तर गाठीशी थांबते. आमच्याकडचे भिल्ल धनुष्याची दोरीसुद्धा बांबूच्या सालीची करतात!

कुडाळचा_नवशिका: एका बाणाचा झोल 14 भरला. दोन संध्याकाळी तासून 20वर आणला, आता वीतभरच डावीकडे जातो. पिसं तपासली तर दोन डावी, एक उजवं. वाकलेल्या चारांवर आईने घोसाळ्याचा वेल चढवलाय.